किलोभर गूळ सावकाश चढवताना

माझ्या डाव्या भुवईच्या वर एक पांढरी रेघ आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "गाडीवरून पडलात का?" गॅरेजवाल्याच्या अंगावर कसलीही खूण दिसली की लोक ती गाडीच्याच नावावर टाकतात. मी नुसती मान हलवतो. खरं सांगायला पाऊण तास लागतो आणि गिऱ्हाइकाला पंक्चर काढून पाटस गाठायचं असतं. आज तो पाऊण तास खर्च करतो. कारण थंडी पडली की वरवंडमधली दोन-चार पोरं दरवर्षी माझ्या गॅरेजात येतात आणि विचारतात, "मामा, एखादी स्प्रिंग आहे का? प्रदर्शनाला लिफ्ट करायचीय." स्प्रिंग मी देतो. पण आधी ही रेघ दाखवतो.

१९९६ साली मी नववीत होतो. वडील गुऱ्हाळावर कामाला. आमच्या दौंड तालुक्यात उसाला तोटा नाही. खडकवासल्याचं पाणी कालव्याने येतं, वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव त्यावर भरतो आणि पुणे-सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगाला हिवाळाभर काहिलीचा वास दरवळत असतो. शाळा सुटली की मी गुऱ्हाळावर जाऊन बसायचो. गुळव्या पाकावर नजर ठेवून असायचा, चुलवणात चिपाडं जायची आणि एका बाजूला गडी ढेपा उचलून टेम्पोत टाकायचे. दहा-दहा किलोची ढेप, दिवसभरात शेकडो वेळा खालून वर. वडिलांची कंबर त्यातच गेली. मला वाटलं, ढेप आपोआप वर चढवणारं काहीतरी करावं. विजेचा भरवसा तेव्हाही नव्हता. मग चावी देऊन चालणारं, स्प्रिंगचं.

विज्ञान शिकवणारे आमचे सर खूश झाले. तालुक्याच्या प्रदर्शनाला जायचं ठरलं. एक किलोचा गुळाचा खडा, सागाच्या फळ्यांची दोन फूट उंच चौकट, सायकलच्या दुकानातून आणलेल्या कप्प्या, नायलॉनची दोरी आणि दोन स्प्रिंगा. जाळीचं दार आपोआप लागावं म्हणून लावतात ना, त्या हातभर लांब स्प्रिंगा. एक आमच्या दाराची काढली, दुसरी विकत आणली. दोन्ही शेजारी-शेजारी बांधल्या, ओढून खिळ्याला अडकवल्या आणि खिळा काढला.

गूळ वर गेला, यात वाद नाही. तो वरच्या पट्टीवर आदळला, फुटला आणि त्याचे तुकडे आईच्या तुळशीपर्यंत गेले. धाकट्या भावाने ते वेचून खाल्ले. सगळं आटपायला डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल. सर म्हणाले, "अरे, ही लिफ्ट आहे की गोफण? जरा सावकाश कर."

त्या "जरा"पायी पुढचे पंधरा दिवस गेले.

आता मागे वळून पाहिलं की कळतं, पहिलीच चूक ही होती की मी काहीही मोजलं नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत ताणकाटा होता, तो कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होतं, असं म्हणून मी सुटू शकतो; पण किल्ली मागितली असती तर सरांनी दिली असती. पुढे गॅरेजमध्ये तशाच दोन स्प्रिंगा ताणकाट्याला लावून पाहिल्या. दोन्ही मिळून १० सेंटिमीटर ताणायला ४ किलोचा जोर, ३० सेंटिमीटरला १२ किलोचा. सोयीसाठी एक किलो म्हणजे १० न्यूटन धरू. सुरुवातीला १२० न्यूटन, शेवटी शून्य, म्हणजे सरासरी ६०. गुणिले ०.३ मीटर. स्प्रिंगेत १८ ज्यूल भरले होते. एक किलो गूळ ६० सेंटिमीटर चढवायला लागतात ६. उरलेले १२ ज्यूल कुठे जाणार? ते गुळाच्या वेगात गेले. एक किलोच्या वस्तूला १२ ज्यूल मिळाले की ती सेकंदाला जवळजवळ पाच मीटर पळते. वरची पट्टी नसती तर दोरी सैल पडल्यावरही गूळ आणखी चार फूट उडाला असता. थोडी ऊर्जा घर्षणात गेली असेल, तेवढी वजा करा.

हे गणित अवघड नाही. नववीच्या पुस्तकात "कार्य आणि ऊर्जा" हा धडा आहे, त्यातलंच आहे. म्हणून पोरगं आलं की मी त्याला आधी दोनच आकडे काढायला लावतो: स्प्रिंगेत किती आहे आणि वजनाला किती लागतं. या दोघांतला फरक म्हणजे तुमचा शत्रू. लिफ्ट हळू करायची म्हणजे या उरलेल्या ऊर्जेचं काय करायचं ते ठरवायचं. ती गपचूप बसत नाही. आणि एक ध्यानात ठेवा, स्प्रिंग दुप्पट ताणली की जोर दुप्पट होतो पण साठलेली ऊर्जा चौपट. "अजून थोडी ओढून बघतो" म्हणणाऱ्या पोराला हे चौपटीचं प्रकरण माहीत नसतं. ताण आणि जोर बरोबरीने वाढतात हे रॉबर्ट हूकने सांगितलं. गंमत म्हणजे १६७६ साली त्याने ते सरळ न छापता अक्षरं उलटीपालटी करून कोड्यात छापलं आणि उत्तर दोन वर्षांनी १६७८ साली दिलं. आपला प्रोजेक्ट शेजारच्या शाळेने चोरू नये म्हणून पोतं टाकून झाकून ठेवणारी पोरं मी पाहिली आहेत; हूकसाहेब त्यातलेच.

मी मात्र गणिताच्या वाटेला न जाता ब्रेकच्या वाटेला गेलो. सायकलचा ब्रेक माहीत होता. कप्पीच्या कडेवर ब्रेकचं रबर दाबलं, ते आवळायला बोल्ट लावला. पूर्ण आवळला तर गूळ जागचा हलेना. अर्धा आटा सैल केला तरी हलेना. अजून पाव आटा सोडला आणि धाडकन पुन्हा वर. मधलं काही नाहीच. कधी अर्ध्यावर जाऊन अडकायचा आणि बोटाने ढकलला की उडी मारायचा. मला वाटलं रबर खराब आहे. तीन रबरं बदलली, कप्पीला मेण लावलं, मग मेण पुसून रांगोळीची पूड टाकली. सगळं करून झालं.

रबरात दोष नव्हता. घर्षणाचा स्वभावच तसा आहे. थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो आणि ती हलू लागली की घर्षण कमी होतं. म्हणजे ज्या क्षणी आपल्याला धरून ठेवणारं कुणीतरी हवं असतं, त्याच क्षणी ब्रेक हात सैल सोडतो. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. स्प्रिंगेचा जोर सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी. ब्रेकचा जोर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. सुरुवातीच्या जोराला पुरेल असा ब्रेक लावाल तर शेवटी गाडी अडकणार. शेवटाला सोसेल असा लावाल तर सुरुवातीला उडणार. स्प्रिंगेच्या लिफ्टला नुसता रबराचा ब्रेक लावून संथ चाल मिळालेली मी आजवर पाहिलेली नाही. कुणी दाखवली तर त्याला गॅरेजात चहा.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात मी ब्रेकशी झटत होतो. स्प्रिंगा पूर्ण ताणलेल्या, गूळ बांधलेला नव्हता, कारण त्या दिवशी मुंग्या लागल्या म्हणून तो डब्यात ठेवला होता. बोल्टचा आटा नीट दिसावा म्हणून मी तोंड खाली घातलं, अगदी स्प्रिंगांच्या रेषेत. दोरी आणि स्प्रिंग जोडणारा आकडा मी बांधायच्या तारेचा वाकवून केला होता. पंधरा दिवसांत शंभर वेळा ताण सोसून तो हळूहळू उघडत चालला होता आणि माझं लक्ष नव्हतं. तो सुटला.

आवाज आठवत नाही. कपाळावर गरम काहीतरी ओघळलं तेव्हा कळलं. स्प्रिंगेचं टोक भुवईच्या वर लागलं होतं. बोटभर खाली लागतं तर डोळा गेला असता. सरांनी मला लूनावर पुढे बसवून डॉक्टरांकडे नेलं, रुमाल दाबून धरायला सांगितला आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. तीन टाके पडले. घरी आईने आधी मला जवळ घेतलं, मग मारलं. प्रोजेक्ट प्रदर्शनाला गेला नाही. चौकट माळ्यावर गेली आणि दाराची स्प्रिंग परत दाराला लागली.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला लिफ्ट हळू करायची युक्ती मी नंतर सांगतो, आधी हे सांगतो. ताणलेल्या स्प्रिंगेच्या रेषेत तोंड आणायचं नाही, पुढूनही नाही आणि मागूनही नाही. डोळ्यांवर ग्राइंडिंगचा चष्मा हवा, गॉगल नव्हे. स्प्रिंगेच्या पोटातून एक जाड सुती दोरी ओवून तिची दोन्ही टोकं चौकटीला पक्की बांधायची, स्प्रिंग पूर्ण ताणेल एवढी सैल ठेवून. मग स्प्रिंग तुटली किंवा आकडा उघडला तरी ती दोरीवरच घसरते, उडत नाही. आकडा वाकवलेल्या तारेचा नको, बंद कडी किंवा नट-बोल्ट घ्या. खिळा काढायला हात लावायचा नाही, त्याला हातभर दोरा बांधून लांबून ओढायचा. वजन बांधलेलं नसताना स्प्रिंग सोडायची नाही, कारण तेव्हा अडवायला काहीच नसतं. आणि प्रदर्शनाला नेताना टेम्पोत ताणलेली स्प्रिंग न्यायची नाही. रस्त्याला गतिरोधक किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

काही स्प्रिंगांना तर हातच लावू नका. दुकानाच्या शटरच्या, गाडीच्या शॉकॲब्सॉर्बरच्या, जुन्या भिंतीवरच्या घड्याळाच्या डबीत गुंडाळलेल्या पट्टीच्या. घड्याळाची डबी उघडली की आतली पट्टी सुरीसारखी बाहेर येते. शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग आम्ही दाबपट्टीत आवळल्याशिवाय सोडवत नाही. भंगारात स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.

पण शिकायचं असेल तर शटरसारखी शाळा नाही. दहावीनंतर मी आयटीआय केलं आणि वर्षभर एका शटरवाल्या मिस्त्रींच्या हाताखाली काम केलं. बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानाचं शटर म्हणजे स्प्रिंगेवरचं उचलण्याचं यंत्रच, फक्त तिकडे कुणी तसं बघत नाही. वरच्या नळीत पट्टीच्या स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढलं की त्या पिळल्या जातात, वर ढकललं की त्या उलगडत मदत करतात. म्हणून मणाचं शटर किराणावाल्या आजींनाही उचलतं. मिस्त्री चांगला असेल तर शटर अर्ध्यावर सोडलं तरी जागीच राहतं. ना खाली येत, ना वर पळत. मी त्यांना विचारलं, असं कसं? ते म्हणाले, "स्प्रिंग आणि शटर एकोणीस-वीस पाहिजे." बाकी काही सांगितलं नाही. मिस्त्री लोक सांगत नाहीत, करून दाखवतात.

मला समजायला दिवस लागले. शटर वर जाईल तसं नळीवर गुंडाळलं जातं, म्हणजे खाली लोंबणारं वजन कमी होत जातं. तिकडे स्प्रिंगही उलगडत जाते, तिचाही जोर कमी होत जातो. दोन्ही बरोबरीने उतरतात. वेग आवरायची गरजच पडत नाही, कारण उरलेली ऊर्जाच नाही. माझ्या लिफ्टमध्ये गुळाचं वजन वर जाताना कमी होत नव्हतं आणि स्प्रिंग मात्र १२ किलोंवरून शून्यावर येत होती. भांडण तिथे होतं. पूर्वीच्या घड्याळजींनी यावर शंकूसारखी रीळ काढली होती: स्प्रिंग जोरात असते तेव्हा दोरी अरुंद टोकावरून ओढली जाते, तिचा जोर ओसरला की रुंद टोकावरून. लेथवर काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर तशी लाकडी रीळ करून घ्या, परीक्षक खुर्चीवरून उठून बघायला येतील.

त्याहून सोपा उपाय म्हणजे स्प्रिंग आधीच ताणलेली ठेवायची आणि तिच्या ताणाचा थोडासाच हिस्सा वापरायचा. हे मी २०२३ साली माझ्या भाचीसोबत केलं.

ती नववीत आणि प्रोजेक्ट तोच. माझ्या बहिणीने फोन करून बजावलं होतं, "दादा, तिला स्प्रिंग देऊ नकोस." मी भाचीला गॅरेजात बसवलं आणि ताणकाटा दिला. ती म्हणाली, "मामा, स्प्रिंग कमी ताणली की हळू जाईल ना?" मी म्हटलं, "बघ." तिने ताण कमी केला. लिफ्ट निघाली हळू आणि निम्म्यावर थांबली. शेवटाकडे स्प्रिंगेचा जोर वजनाहून कमी पडत होता. तिने वजन वाढवून पाहिलं, तेव्हा लिफ्ट आणखी आधी थांबली. हे दोन्ही मी स्वतः १९९६ साली केलेलं होतं. तिने मात्र दोन्ही वेळा वहीत लिहून ठेवलं. हा फरक.

मग आम्ही मोजूनमापून बांधलं. बारीक तारेची एकच स्प्रिंग, दर १० सेंटिमीटरला एक किलो जोर घेणारी. ती ३० सेंटिमीटर ताणून सुरू करायची आणि २० सेंटिमीटरवर थांबवायची. म्हणजे जोर तीन किलोंवरून दोन किलोंवर येतो, शून्यावर नाही. कप्प्या अशा ओवल्या की स्प्रिंग १० सेंटिमीटर सरकली की गूळ ३० सेंटिमीटर चढतो. बदल्यात अर्ध्या किलोचा गूळ स्प्रिंगेला दीड किलोचा लागतो. दोन किलो हे दीड किलोहून थोडे जास्त आहेत, तेव्हा शेवटपर्यंत अडकायची भीती नाही. स्प्रिंगेने दिलेली ऊर्जा अडीच ज्यूल, गुळाला लागलेली दीड. उरला एक ज्यूल. माझ्या वेळी बारा उरले होते.

या एका ज्यूलसाठी खाणारं तोंड हवं. ते असं हवं की वेग वाढला की जास्त खाईल, वेग कमी झाला की कमी, आणि थांबल्यावर अजिबात अडवणार नाही. रबराच्या ब्रेकला हे जमत नाही. जमतं अशा तीन गोष्टी तुमच्या आजूबाजूलाच आहेत.

एक म्हणजे हवा. ठोके देणाऱ्या जुन्या घड्याळात ठोक्यांच्या चाकांच्या शेवटी पत्र्याचं छोटं पातं भरभर फिरतं, ते तुम्ही पाहिलं असेल. ते ठोके सावकाश पडावेत म्हणूनच असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ओढणारा जोर दुप्पट झाला तरी पात्याचा वेग दीडपटीच्या आतच राहतो. भंगार खेळण्यातली दातेरी चाकं आणि पुठ्ठ्याचं पातं एवढ्यावर हे होतं. चाकांची माळ पुरेशी लांब हवी, पातं खूप जोरात फिरलं पाहिजे. हळू फिरणाऱ्या पात्याला हवा विचारत नाही. नुसती दातेरी चाकं जोडून लिफ्ट संथ होईल असं कुणी सांगेल. चाकं ऊर्जा खात नाहीत, फक्त वेग आणि जोर यांची अदलाबदल करतात. खाणारं शेवटी पातंच.

दुसरी, चुंबक. इलेक्ट्रॉनिक मीटर येण्याआधी प्रत्येक घरात विजेचा काळा मीटर होता आणि त्यात ॲल्युमिनियमची चकती फिरायची. बिल जास्त आलं की आपण तिच्याकडे संशयाने बघत बसायचो. ती चकती एका कायमच्या चुंबकाच्या फटीतून जायची. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, पण चकती फिरली की तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते तिलाच मागे ओढतात. जितकी जोरात फिरेल तितकी जास्त ओढ. थांबली की ओढ शून्य. काही घासत नाही, काही झिजत नाही. लिफ्टच्या आसावर ॲल्युमिनियमची जाड चकती बसवून तिच्या दोन्ही बाजूंना चपटे ताकदवान चुंबक ठेवले की हे करता येतं. चकती आणि चुंबक यांत कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढीच फट हवी आणि चकतीला वेग देण्यासाठी इथेही एक-दोन दातेरी चाकं लागतात. ते ताकदवान चुंबक लहान भावंडांच्या हाती देऊ नका. दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात, मग ऑपरेशनच.

तिसरी माझ्या धंद्यातली, आणि आम्ही तीच निवडली. मोटारसायकलच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये स्प्रिंग असते आणि तेल असतं. खड्डा आला की स्प्रिंग दबते, पण परत येताना तेलाला बारीक छिद्रातून जावं लागतं म्हणून ती सावकाश येते. सील फाटून तेल गेलं की गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, "मिस्त्री, गाडी बैलगाडीसारखी उड्या मारतीय." स्प्रिंग तीच असते, फक्त तिला आवरणारं तेल नसतं. माझी १९९६ची लिफ्ट म्हणजे तेल गेलेला शॉकॲब्सॉर्बर होता. हे कळलं त्या दिवशी मी हातातला पाना खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

शॉकॲब्सॉर्बरच्या जागी आम्ही मेडिकलमधून ६० मिलीलिटरची सिरिंज आणली, सुई नसलेली, आणि सलाईनची नवी नळी. वापरलेली नळी दवाखान्यातून मागून आणायची नाही, कुणी दिली तरी. त्या नळीवर प्लॅस्टिकचं जे छोटं चाक असतं, ज्याने नर्स थेंब कमी-जास्त करतात, तेच आमचा नळ. सिरिंज भरून चौकटीला आडवी पक्की केली. स्प्रिंग सरकताना लाकडाची आडवी पट्टी घेऊन जाते, ती पट्टी सिरिंजचा दट्ट्या आत ढकलते आणि आतला द्रव नळीतून वाटीत जातो. दट्ट्या ढकलला जाईल असाच लावा, ओढला जाईल असा नको. ओढला की कडेने हवा आत शिरते. दट्ट्याला पट्टी चिकटवायची नाही, नुसती टेकवायची, म्हणजे पुन्हा स्प्रिंग ताणताना तो अडवत नाही. दट्ट्या नंतर चाक पूर्ण उघडून हाताने मागे घ्यायचा.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून इंजिन ऑइल भरलं. गॅरेजात दुसरं काय असणार? लिफ्ट छान चालली. तिसऱ्या दिवशी दट्ट्या हलेना. तेलाने त्याचं रबर फुगलं होतं. वीस वर्षं सील बदलणाऱ्या माणसाने हे करावं! भाची काही बोलली नाही, पण वहीत लिहिलं, "मामांनी ऑइल वापरलं. चूक." मग ग्लिसरीन आणलं. शुद्ध ग्लिसरीन इतकं दाट की गूळ वर जायला पाच मिनिटं लागली. परीक्षक तोवर दोन शाळा बघून परत आले असते. नुसतं पाणी भरलं तर चाक केसभर फिरवलं की लिफ्ट पळते, केसभर आवळलं की थांबते. शेवटी चार भाग ग्लिसरीन आणि एक भाग पाणी, नळी वीतभर. गूळ पंधरा सेकंदांत वर, न हिसकता.

हिसका एकदाच बसला, सुरुवातीला. खिळा काढला की गूळ दोन बोटं टुणकन उडायचा आणि मग संथ चढायचा. भाचीने तीनदा दोरी तपासली. मला मात्र बघताक्षणी कळलं, कारण ब्रेकची हवा काढणं हे माझं रोजचं काम आहे. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा होता. हवा दबते, द्रव दबत नाही. सिरिंज उभी धरून टिचक्या मारल्या, बुडबुडा नळीतून बाहेर काढला, नळीचं टोक वाटीतल्या द्रवाच्या खाली बुडवून ठेवलं. हिसका गेला.

नळी निवडताना एक लक्षात असू द्या. संथ वाहणाऱ्या द्रवासाठी नळीचं भोक निम्म्या व्यासाचं केलं तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून बारीक नळी घेऊन वर दाट द्रव असा दुहेरी अतिरेक करू नका. तसंच लांबी दुप्पट केली तर प्रवाह फक्त निम्मा होतो, तेव्हा बारीकसारीक फरक करायचा तर लांबीशी खेळा.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आठला मांडणी होती. जानेवारीतली सकाळ, पटांगणावर धुकं, पोरं स्वेटरात. भाचीने चाचणी घेतली आणि तिचा चेहरा पडला. काल पंधरा सेकंदांत चढणारा गूळ आज अर्धा मिनिट घेत होता. ती माझ्याकडे धावत आली, "मामा, बिघडली!" बिघडलं काही नव्हतं. थंडीत ग्लिसरीन दाटतं. काहिलीतला पाक उतरवला की हळूहळू कसा जड होत जातो, ते तिच्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं. मी म्हटलं, चाक थोडं उघड. तिने उघडलं नाही. चाकाला हात न लावता तिने दर तासाला वेळ मोजली, शेजारच्या प्रयोगातला तापमापक मागून आणला आणि दुपारी दोनपर्यंत आलेखकागदावर सहा ठिपके काढले. ऊन चढत गेलं तशी लिफ्ट वेगवान होत गेली. परीक्षक आले तेव्हा ती लिफ्टपेक्षा त्या सहा ठिपक्यांविषयीच जास्त बोलत होती आणि तेही लिफ्टकडे कमी, कागदाकडे जास्त बघत होते. एकाने विचारलं, "ही कल्पना कुणाची?" ती म्हणाली, "थंडीची."

तिला नंबर आला का, हे सगळे विचारतात. दुसरा आला. पहिला नंबर ठिबक सिंचनाच्या मॉडेलला गेला, आमच्या भागात तो जाणारच.

तिची चौकट आता माझ्या गॅरेजात मांडणीवर आहे. पोरं येतात, चाक फिरवून बघतात, गुळाचा खडा हळूच खिशात घालतात, मी दुसरा ठेवतो. माझ्या जुन्या दोन स्प्रिंगांपैकी एक खिळ्याला टांगलेली आहे, ती फक्त दाखवायला. दुसरी अजूनही आमच्या घराच्या जाळीच्या दाराला आहे. ते दार रोज धाडकन आपटतं, घरातली रोज ओरडतात आणि मी रोज म्हणतो, रविवारी त्याला एक सिरिंज लावतो.